चादरींची नक्षी आणि साहचर्य स्मृती : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

सोलापूरच्या पूर्व भागातील एका जुन्या चादर कारखान्याच्या माळ्यावर नक्षीच्या ग्राफ कागदांचे गठ्ठे अनेक वर्षे पडून होते. मालकांनी ते आमच्या संगणक विभागाकडे अभ्यासासाठी दिले असून त्यांची वर्गवारी करणे हा या प्रकल्पाचा विषय आहे. कागदांवर नावे नाहीत, वर्ष नाही, काहींचे कोपरे उंदरांनी खाल्लेले आहेत. मोर, कमळ, वेलबुट्टी, चौकटी, देवळाची शिखरे असे ढोबळ प्रकार नजरेला दिसतात; परंतु एका मोराच्या किती आवृत्त्या आहेत आणि कोणती कोणापासून निघाली, हे नुसते चाळून ठरवता येत नाही.

जकार्ड मागाची नक्षी मुळातच होय-नाही या भाषेत लिहिलेली असते. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या यंत्रात पत्त्यावरील, म्हणजे भोके पाडलेल्या जाड कागदी पट्टीवरील, प्रत्येक जागी एक तर भोक असते किंवा नसते. भोक असेल तर हुक वर जाते, त्याला बांधलेला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो आणि आडवा धागा त्याच्या खालून जातो. ग्राफ कागदावरचा उभा रकाना म्हणजे हुक आणि आडवी ओळ म्हणजे पत्ता. भरलेला चौकोन +१ आणि रिकामा चौकोन −१ असे मानले की दोन रंगांच्या चादरीची नक्षी म्हणजे अशा आकड्यांची एक लांब रांग होते, आणि नेमक्या अशाच रांगा साठवण्यासाठी साहचर्य स्मृतीची, म्हणजे अपुऱ्या नमुन्यावरून पूर्ण नमुना आठवणाऱ्या स्मृतीची, प्रारूपे रचली गेली. हाच मेळ पाहून आम्ही ही पद्धत निवडली.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हल्ली चित्रांच्या वर्गवारीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या खोल जाळ्यांना (डीप न्यूरल नेटवर्क) प्रत्येक वर्गाची पुष्कळ उदाहरणे लागतात, आणि इथे बहुतेक नक्षींचा एकेकच कागद उरला आहे. शिवाय ती जाळी उत्तर म्हणून वर्गाचे नाव आणि एक आकडा देतात. साहचर्य स्मृती उत्तरादाखल आठवलेली नक्षीच समोर ठेवते. ज्यांनी आयुष्यभर ग्राफ भरले, त्यांना ती पाहून निकाल बरोबर की चूक हे सांगता येते. वर्गवारी तपासण्याचा अधिकार विणकराकडे राहावा, ही या कामाची पहिली अट आहे.

१९ जानेवारी २०२५

विद्यार्थ्यांसाठी पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये असा विचार मांडला की दोन चेतापेशी वारंवार एकत्र उत्तेजित झाल्या तर त्यांच्यामधील जोडणी बळकट होते. विलशॉ, ब्यूनमन आणि लाँगे-हिगिन्स यांनी १९६९ मध्ये होय-नाही स्वरूपाच्या जोडण्यांची स्मृती सुचवली. १९७२ हे वर्ष या विषयात विलक्षण ठरले. फिनलंडमध्ये कोहोनेन, अमेरिकेत जेम्स अँडरसन आणि जपानमध्ये नाकानो व अमारी यांनी त्याच वर्षी एकमेकांशी मिळतीजुळती प्रारूपे प्रसिद्ध केली. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये या कल्पनेला ऊर्जेची भाषा दिली आणि भौतिकशास्त्रज्ञ तिच्याकडे वळले. २०२४ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह मिळाला. त्या बातमीनंतर आमच्या विभागातील अनेकांनी हा विषय पुन्हा उघडला.

पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक चौकोनासाठी एक पेशी, आणि सर्व पेशी एकमेकींना जोडलेल्या; हेच जाळे. साठवायच्या प्रत्येक नक्षीत दोन चौकोन सारखे असतील तर त्यांच्यामधील वजन वाढवायचे, वेगळे असतील तर कमी करायचे, आणि सर्व नक्षींची ही वजने एकत्र मिळवायची. नंतर एखादी अपुरी किंवा डागाळलेली नक्षी दिली की एकेक पेशी इतर सर्व पेशींकडून येणारी वजनदार बेरीज पाहते आणि तिच्या चिन्हाप्रमाणे बदलते. वजने दोन्ही दिशांनी सारखी असून पेशी एकामागून एक बदलत असतील तर ऊर्जा, म्हणजे पेशींची स्थिती वजनांशी किती विसंगत आहे हे सांगणारा आकडा, कधीच वाढत नाही, त्यामुळे जाळे कुठेतरी स्थिरावतेच. सीना आणि भीमा यांच्यामधील पाणलोट रेषेच्या एका बाजूला पडलेला थेंब सीनेकडे उतरतो आणि दुसऱ्या बाजूचा थेट भीमेकडे. तसे सुरुवात कोणत्या खोऱ्यात झाली यावर शेवट ठरतो. वर्गवारी म्हणजे आपला नमुना कोणत्या खोऱ्यात पडतो, हे पाहणे.

२ फेब्रुवारी २०२५

नक्षीचे एक आवर्तन ३२ × ३२ चौकोनांत बसवून चाचणी सुरू केली. म्हणजे १०२४ पेशी आणि ५,२३,७७६ स्वतंत्र वजने. आमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी १९८५ मध्ये दाखवले की थोड्या चुका चालत असतील तर पेशींच्या संख्येच्या साधारण ०.१३८ पट नमुने साठवता येतात. आमच्या जाळ्यासाठी ही मर्यादा सुमारे १४१ येते. सर्व नमुने एकाही चुकीविना परत हवे असतील तर मॅकएलिस आणि सहकाऱ्यांच्या १९८७ मधील निष्कर्षानुसार ती अवघी ३७ च्या आसपास उतरते.

नाणे उडवून भरल्यासारख्या यादृच्छिक नमुन्यांवर जाळ्याचे वर्तन या गणिताप्रमाणेच दिसले. खऱ्या नक्षींवर मात्र ते पहिल्या काही नमुन्यांतच कोसळले. मोर दिला, फूल दिले, शिखर दिले, तरी प्रत्येक वेळी शेवटी कोरी जमीन, म्हणजे आकृतीविना नुसती पार्श्वभूमी, उरली.

याचे कारण कागदावर काढता येते आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहावे असे आहे. चादरीच्या नक्षीत जमीन पुष्कळ असते आणि आकृती थोडी. समजा, तीन चतुर्थांश चौकोन जमिनीचे आणि एक चतुर्थांश आकृतीचे आहेत. जमिनीला +१ मानले तर चौकोनांची सरासरी ०.५ येते. कोणत्याही दोन नक्षींचा एकमेकींशी सरासरी मेळ (समान जागच्या चौकोनांच्या गुणाकारांची सरासरी) या संख्येचा वर्ग, म्हणजे ०.२५ असतो, यादृच्छिक नमुन्यांत तो शून्याच्या आसपास असतो. आठवताना प्रत्येक परकी नक्षी हव्या त्या नक्षीच्या पेशीवर ०.२५ गुणिले ०.५, म्हणजे ०.१२५ इतका जमिनीच्या बाजूचा दाब टाकते. आकृतीतील पेशीला स्वतःच्या नक्षीकडून १ इतकाच आधार असतो. आठ परक्या नक्षी जमल्या की दाब आणि आधार समान होतात, नववी आली की आकृती पुसली जायला लागते. १४१ ची अपेक्षा आणि आठ-नऊची वस्तुस्थिती यांतील हे अंतर पाठ्यपुस्तकातील यादृच्छिकतेच्या गृहीतकाने झाकलेले असते.

१६ फेब्रुवारी २०२५

दोन उपाय करून पाहिले. पहिला म्हणजे वजने काढण्यापूर्वी प्रत्येक चौकोनातून सरासरी वजा करणे. आमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनीच १९८७ मध्ये कमी भरलेल्या नमुन्यांसाठी हा मार्ग दाखवला होता. त्याने कोरी जमीन होण्याचा दोष गेला, पण एकाच घराण्यातील मोर एकमेकांत मिसळत राहिले.

दुसरा उपाय परसोनाझ, गियोन आणि ड्रेफस यांचा १९८५ मधील. त्यात नमुन्यांचे परस्परांशी असलेले साम्य आधीच हिशेबात धरून, त्या साम्याच्या कोष्टकाचा व्यस्त वापरून वजने काढतात. नमुने एकमेकांपासून रेषीयदृष्ट्या स्वतंत्र असले, म्हणजे कोणताही नमुना बाकीच्यांच्या पटींची बेरीज करून मिळत नसला, की प्रत्येक नमुना नेमका स्थिर राहतो, मग ते कितीही सारखे का असेनात. जुळी दिसणारी नक्षीही आता वेगवेगळी आठवते. याची किंमत अशी की नमुने वाढत जातात तशी खोरी अरुंद होतात, आणि थोडीशी डागाळलेली नक्षीही बाहेर पडते. आमच्या कागदांवर डाग भरपूर आहेत, त्यामुळे नुसते नेमकेपण आम्हाला पुरणारे नाही.

२ मार्च २०२५

कागदांची छायाचित्रे काढण्याची पद्धत ठरवली. वरून सरळ कॅमेरा, दोन बाजूंनी सारखा प्रकाश, कागदावर काच. जिथे कागद नाही आणि फक्त पत्त्यांची माळ आहे, तिथे आणखी एक काम करावे लागते. पत्त्यांवर आकृतीबरोबर विणीची बांधणीही भोकांच्या रूपाने असते, कारण लांब सुटे धागे राहू नयेत म्हणून ते मधूनमधून पकडावे लागतात. ते बारीक ठिपके आकृतीचा भाग नाहीत. प्रत्येक चौकोनाला त्याच्या भोवतालच्या बहुमताचे मूल्य दिल्यावर ठिपके निघून जातात आणि मोराचा तुरा शाबूत राहतो.

९ मार्च २०२५

ज्येष्ठ नक्षीकार, ज्यांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणतात, आज प्रयोगशाळेत आले. कागद हरवलेल्या काही नक्षी प्रत्यक्ष चादरींवरून घ्याव्या लागणार होत्या. त्यांनी टेबलावरची चादर उलटी केली आणि विचारले, “सर, ही तुमच्या मशीनला तीच वाटेल का दुसरी?” दुहेरी विणीच्या चादरीत मागच्या बाजूला दोन्ही रंगांची अदलाबदल होते. समोर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असेल तर मागे लाल जमिनीवर पांढरा मोर, आणि तोही डावा-उजवा फिरलेला.

या प्रश्नाचे उत्तर प्रारूपातच दडलेले आहे. हॉपफील्डच्या ऊर्जेत पेशी जोडीजोडीने गुणल्या जातात, म्हणून सर्वच चिन्हे उलटी केली तरी ऊर्जा तीच राहते. एक नक्षी साठवली की तिची उलट्या रंगांची प्रत आपोआप साठवली जाते. पुस्तके या उलट्या प्रतींना बनावट स्मृतींच्या, म्हणजे न साठवताही जाळ्यात तयार होणाऱ्या स्थिर अवस्थांच्या, यादीत घालतात आणि त्यांच्यापासून सुटका कशी करावी ते सांगतात. चादरीच्या बाबतीत ती चादरीची दुसरी बाजूच आहे. डावे-उजवे फिरणे तेवढे वेगळे हाताळावे लागते, परंतु समोरासमोर तोंड केलेल्या मोरांच्या जोडीसारख्या बहुतेक नक्षी मध्यरेषेभोवती सममित असल्याने तिथेही अडचण येत नाही. सममित नसलेल्या नक्षींसाठी छायाचित्र आरशातल्याप्रमाणे फिरवून दुसऱ्यांदा द्यायचे ठरले.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग बरोबर आहे. पोरगं पाठीवरून ओळखता आलं पाहिजे.” त्यानंतर त्यांनी स्वतः आणखी चादरी काढून दिल्या.

एक मर्यादा इथेच लिहून ठेवतो. सरासरी वजा करण्याच्या उपायात आठवतानाही पेशींच्या मूल्यांतून सरासरी वजा केली की ही सममिती मोडते, कारण वजा केलेली सरासरी जमिनीच्या बाजूची असते. व्यस्त कोष्टकाच्या पद्धतीत ती टिकते. म्हणून यापुढे थेट चौकोनांवर चालणाऱ्या स्मृतीसाठी, म्हणजे पिक्सेल-स्मृतीसाठी, दुसरी पद्धत पक्की केली.

२३ मार्च २०२५

सर्वांत चिवट प्रश्न सरकण्याचा आहे. नक्षी सलग पुनरावृत्त होते आणि छायाचित्राची चौकट तिच्या कोणत्याही बिंदूपासून सुरू होऊ शकते. माणसाला काहीच फरक पडत नाही. हॉपफील्डच्या जाळ्याला मात्र चौथा चौकोन आणि पाचवा चौकोन यांच्यातील शेजार माहीतच नसतो. सर्व पेशी सर्वांशी सारख्याच जोडलेल्या असतात. बारीक चौकटींची नक्षी एका चौकोनाने सरकली तर जाळ्याच्या दृष्टीने ती दुसरीच नक्षी होते.

नमुना सर्व शक्य जागी सरकवून साठवलेल्या प्रत्येक नक्षीशी ताडून पाहणे हा सरळ मार्ग आहे आणि संगणकाला तो जडही नाही. तरी मी तो पहिली पायरी म्हणून नाकारला, कारण तसे केल्यास सगळी ओळख ताडून पाहण्यातच संपते आणि स्मृतीला करण्यासारखे काही उरत नाही. नक्षीचे असे वर्णन हवे की सरकल्याने ते बदलणारच नाही.

फूरिए रूपांतर नक्षीची लहान-मोठ्या लहरींत फोड करते; त्या लहरींच्या परिमाणांना, म्हणजे उंचींना, हा गुण असतो. पुनरावृत्त नक्षी कितीही सरकली तरी तिच्या लहरींची उंची तीच राहते, फक्त त्यांची कला (फेज), म्हणजे लहर कुठून सुरू होते ते, बदलते. नक्षी उलटी धरली, म्हणजे अर्धे वर्तुळ फिरवली, तरीही परिमाणे तीच राहतात. रंगांची अदलाबदल झाली तरीही तीच. यासाठी आवर्तन ६४ × ६४ चौकोनांत घेतले. त्याची ४०९६ परिमाणे येतात, पण वास्तव संख्यांच्या रूपांतरात ती जोडीजोडीने सारखी असल्याने वेगळी अशी २०५० उरतात, आणि शून्य वारंवारता, म्हणजे नुसती सरासरी, वगळली की २०४९.

ही परिमाणे +१ आणि −१ मध्ये कशी आणायची, यावर आमच्या गटात बराच खल झाला. प्रत्येक चित्रातील मध्यम परिमाणाच्या वर +१ आणि खाली −१ असे केले, तर सगळ्याच नक्षींत मोठ्या लहरी जोरकस आणि बारीक लहरी दुबळ्या असल्याने सर्व वर्णने पुन्हा सारखी होतात आणि २ फेब्रुवारीच्या नोंदीतील दाब परत येतो. त्याऐवजी प्रत्येक वारंवारतेसाठी संपूर्ण संग्रहातील मध्यम परिमाण काढले आणि नक्षी त्याच्या वर आहे की खाली, एवढेच नोंदवले. आता प्रत्येक पेशी निम्म्या नक्षींत +१ आणि निम्म्या नक्षींत −१ असते. एकाच युक्तीने सरकण्याचा आणि जमिनीच्या दाबाचा असे दोन्ही प्रश्न सुटले, याचे मला मनापासून समाधान आहे.

यात एक गोष्ट गमावली जाते. कला टाकून दिल्यामुळे आठवलेल्या परिमाणांवरून नक्षी पुन्हा काढता येत नाही, आणि विणकराला दाखवण्यासारखा पुरावा हातात राहत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत विभागले. पहिली स्मृती परिमाणांवर चालेल आणि थोड्या उमेदवार नक्षी सुचवेल. त्यानंतर फक्त त्या उमेदवारांच्या आधारे नमुना जागेवर सरकवून पिक्सेलची दुसरी स्मृती चालवायची, आणि ती जे आठवेल ते पडद्यावर ग्राफच्या रूपात दाखवायचे.

६ एप्रिल २०२५

आतापर्यंत नक्षी ओळखण्याचे काम झाले. वर्गवारी त्याहून वेगळी आहे. ‘मोर’ हा वर्ग म्हणजे एखादा साठवलेला कागद नव्हे.

इथे बनावट स्मृतींचा दुसरा प्रकार उपयोगी पडेल असे दिसते. तीन साठवलेल्या नमुन्यांचे चौकोनागणिक बहुमत घेतले तर तयार होणारे मिश्रणही जाळ्यात स्थिर राहू शकते. यादृच्छिक नमुन्यांत असे मिश्रण प्रत्येक घटकाशी तीन चतुर्थांश चौकोनांत जुळते. नमुने एका घराण्यातील असतील तर ते त्याहून अधिक जुळते, आणि तीन मोरांचे मिश्रण मोरासारखेच दिसते: तुरा सगळ्यांचा सारखा म्हणून ठळक, पिसाऱ्याची टोके वेगवेगळी म्हणून विरळ. अमारी यांनी १९७७ मध्येच साहचर्य आणि संकल्पनानिर्मिती यांचा एकत्र विचार केला होता. एकमेकींजवळच्या अनेक स्मृतींमधून त्यांचे सामाईक रूप तयार होणे, ही जाळ्याची वर्ग बनवण्याची रीतच आहे, असे माझे मत झाले आहे. साधे हेबचे जाळे आपणहून तिकडे झुकते आणि व्यस्त कोष्टकाचे जाळे त्याला रोखते. म्हणजे १६ फेब्रुवारीला ज्या मिसळण्याला आम्ही दोष म्हटले, त्याचाच इथे नियंत्रित वापर हवा आहे.

२० एप्रिल २०२५

असे नियंत्रण देणारी साधने गेल्या दशकात तयार झाली आहेत. क्रोटोव्ह आणि हॉपफील्ड यांनी २०१६ मध्ये ऊर्जेतील वर्गाच्या (दुसऱ्या घाताच्या) जागी वरचा घात घेतला. घात २ असेल तर जुनेच जाळे मिळते, आणि घात वाढवला की साठवणुकीची क्षमता पेशींच्या संख्येच्या, एकाने कमी अशा, घाताप्रमाणे वाढते. त्यांनी हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट संचावर वर्गवारी करून दाखवली. ७८४ पिक्सेल-पेशी बांधून ठेवायच्या, त्यांना जोडलेल्या १० वर्ग-पेशी मोकळ्या सोडायच्या आणि त्यांतील कोणती जिंकते ते पाहायचे. त्यांचे एक निरीक्षण आमच्या कामाच्या दृष्टीने कळीचे आहे. घात लहान असताना जाळे चित्रांचे सामाईक अवयव शिकते, घात मोठा असताना ते अख्खे नमुने पाठ करते.

२०१७ मध्ये देमिर्चिगिल आणि सहकाऱ्यांनी घाताऐवजी घातांकी फलन वापरून क्षमता पेशींच्या संख्येनुसार घातांकी वाढते हे सिद्ध केले. २०२० मध्ये रामसावर आणि सहकाऱ्यांनी हेच प्रारूप सलग मूल्यांसाठी मांडले. त्यात पुढची अवस्था म्हणजे साठवलेल्या सर्व नमुन्यांची भारित सरासरी असते, आणि प्रत्येकाचा भार दिलेल्या नमुन्याशी त्याचा किती मेळ आहे यावर घातांकी पद्धतीने ठरतो. आजच्या भाषा-प्रारूपांच्या मुळाशी असलेली, २०१७ च्या ट्रान्सफॉर्मर रचनेतील लक्ष देण्याची क्रिया गणिताने हीच आहे, हे त्यांनी दाखवले. १९८२ चे जाळे आणि आजची प्रारूपे यांच्यातील हा दुवा वर्गात शिकवताना मुले अक्षरशः पुढे सरकून ऐकतात.

या सूत्रात बीटा नावाचा एक आकडा असतो. बीटा मोठा असेल तर भार एकाच नमुन्यावर एकवटतो आणि नेमकी नक्षी मिळते. बीटा फार लहान असेल तर सगळ्या संग्रहाची एकच धूसर सरासरी येते. या दोन टोकांच्या मध्ये अवस्था एका गटाच्या सरासरीवर स्थिरावते, आणि तो गट म्हणजे आम्हाला हवे असलेले घराणे. हे ठरवून टाकले: परिमाणांच्या स्मृतीत बीटा मध्यम ठेवून घराणे ओळखायचे, मग तो हळूहळू वाढवत नेऊन त्या घराण्यातील नक्षीपर्यंत पोहोचायचे. वाटेत गट फुटतो त्या जागा नोंदवायच्या. मोर प्रथम तुऱ्यांवरून दोन गटांत फुटतात, मग पिसाऱ्यावरून. संग्रहाचा एक वंशवृक्षच त्यातून उभा राहतो आहे.

४ मे २०२५

नव्या प्रारूपातील एका गुणधर्माबद्दल सावध राहावे लागेल. बीटा मोठा असताना ते कोणत्याही नमुन्यासाठी कुठली ना कुठली साठवलेली नक्षी परत करतेच. टॉवेलची नक्षी दिली तरी ते एखादी चादर आठवते, आणि आठवलेली चादर इतकी स्वच्छ असते की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. टॉवेलच्या जकार्डमध्ये आकृती लूप असलेल्या आणि नसलेल्या जागांमधून उमटते, तिचे तर्कशास्त्रच निराळे असते. अशा कागदाला चादरीचे नाव लावणे म्हणजे संग्रहात खोटी नोंद करणे होय, आणि एकदा सूचीत शिरलेली खोटी नोंद पुढची पिढी खरी मानून चालेल.

म्हणून आठवलेल्या नक्षीचा मूळ नमुन्याशी मेळ मोजणे सक्तीचे केले. उंबरठा आम्ही मनाने ठरवला नाही. प्रत्येक घराण्यातील साठवलेल्या नक्षी एकमेकींशी कमीत कमी जितक्या जुळतात, तितका मेळ नव्या नमुन्याने दाखवला पाहिजे. तो न दाखवणारे कागद ‘अनिर्णित’ गठ्ठ्यात जातात. हा गठ्ठा मोठा झाला तरी चालेल, अशी माझी भूमिका आहे आणि गटातील सर्वांनी ती मान्य केली.

१८ मे २०२५

अण्णा आणि त्यांचे दोन सहकारी निकाल तपासायला आले. पडद्यावर डावीकडे दिलेला नमुना, उजवीकडे आठवलेला ग्राफ. बहुतेक ठिकाणी ते नजर टाकून पुढे गेले. एका जोडीपाशी मात्र तिघेही थांबले. प्रारूपाने दोन कमळे एकाच घराण्यात घातली होती आणि मधला भाग पाहता ते योग्यच होते. अण्णा म्हणाले, “फूल एकच असेल, पण बॉर्डर बघा. ही बॉर्डर त्या फुलाला कुणी लावत नव्हतं.” त्यांच्या मते बॉर्डर वेगळी म्हणजे माल वेगळा, बाजार वेगळा, कधी कधी काढणारा हातही वेगळा.

हे ज्ञान ग्राफच्या एकाही चौकोनात नाही, ते बॉर्डर आणि मधला भाग यांच्या संबंधात आहे. त्यासाठी बार्ट कॉस्को यांची १९८८ मधील द्विदिश साहचर्य स्मृती घ्यायचे ठरवले. तिच्यात पेशींचे दोन थर असतात. एका थरात बॉर्डरचे वर्णन आणि दुसऱ्यात मधल्या भागाचे. एका बाजूला बॉर्डर दिली की दुसऱ्या बाजूला तिच्यासोबत येणारा मधला भाग आठवतो, आणि उलटही. क्षमतेला लहान थराचे बंधन असते आणि बॉर्डर अरुंद असल्याने ते इथे जाचेल. म्हणून बॉर्डरच्याही लहरींची परिमाणे अधिक बारकाईने घ्यावी लागतील. दोन्ही थर एकमेकांना दुजोरा देत स्थिरावले तर जोडी नेहमीची समजायची. बॉर्डर एका घराण्याकडे आणि मधला भाग दुसऱ्याकडे ओढत असेल, तर ती जोडी अण्णांकडे पाठवायची.

सूचीत वर्गाच्या नावासाठी आता दोन रकाने केले आहेत, एक प्रारूपाने सुचवलेला आणि एक नक्षीकारांनी मान्य केलेला. दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही राहतील.

१ जून २०२५

फाटलेल्या कागदांचे काम सुरू केले. अपुऱ्या नमुन्यावरून पूर्ण नमुना आठवणे ही साहचर्य स्मृतीची मूळ ओळखच आहे आणि कोपरे गेलेल्या ग्राफांवर पिक्सेल-स्मृती ते चांगले करते. शाबूत चौकोन बांधून ठेवायचे, गेलेले मोकळे सोडायचे आणि जाळे स्थिरावू द्यायचे. जिथे त्या नक्षीची दुसरी पूर्ण प्रत संग्रहात आहे, तिथे भरलेला कोपरा निःशंक घेता येतो. जिथे फक्त घराणे ठाऊक आहे, तिथे जाळे त्या घराण्याचा सामाईक कोपरा भरते. तो विणायला योग्य असतो, मात्र त्या जुन्या नक्षीकाराने तोच काढला होता असे म्हणण्याला काही आधार नसतो.

मालकांना यांतील काही नक्षी पुन्हा मागावर चढवायच्या आहेत, त्यामुळे हे कागद कारखान्यात जाणार आहेत. ग्राफ छापताना शाबूत चौकोन काळ्या रंगात, दुसऱ्या प्रतीवरून घेतलेले निळ्या रंगात आणि स्मृतीने भरलेले लाल रंगात राहतील. पत्ते पाडणाऱ्या कारागिरांना लाल चौकोन बदलण्याची मोकळीक असेल आणि त्यांनी केलेला बदल सूचीत त्यांच्या नावासह नोंदवला जाईल. पुढच्या आठवड्यात पहिला संच अण्णांकडे द्यायचा आहे. त्याआधी ‘अनिर्णित’ गठ्ठ्यातील टॉवेलचे कागद वेगळे काढायचे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र स्मृती उभी करायची.